पोत्यातले धान्य आणि ताटातले अन्न
(मंडळ्या, महिला मंडळे आणि वस्तीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी अभ्यासपाठ)

शास्त्रपाठ: प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6, वचने 1 ते 7



दर वर्षी नाताळच्या आधी आपल्या कार्यालयात एकच गडबड असते. गहू, तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, मीठ, चहापत्ती आणि साबण यांच्या पिशव्या भरल्या जातात आणि जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतल्या सातपुड्याच्या पायथ्याच्या वस्त्यांवर पोहोचवल्या जातात. दाते प्रेमाने देतात, कार्यकर्ते रात्री जागून पिशव्या बांधतात आणि घेणारे आनंदाने घेतात. या कामाचे मोल मला कमी करायचे नाही. या तिमाहीच्या अभ्यासात आपण एवढेच पाहणार आहोत की पोत्यातले धान्य लेकराच्या ताटापर्यंत आणि तिथून त्याच्या अंगापर्यंत पोहोचते का, आणि पोहोचत नसेल तर ते वाटेत कुठे थांबते.

पाठ वाचण्यापूर्वी वर दिलेला शास्त्रपाठ एकदा मोठ्याने वाचावा. शेवटी चर्चेसाठी प्रश्न दिले आहेत.

1. पहिल्या मंडळीतली पहिली तक्रार

यरुशलेमेतील मंडळी वाढत होती. रोजच्या रोज गरजूंना अन्न वाटले जात होते. तेवढ्यात कुरकुर सुरू झाली. ग्रीक बोलणाऱ्यांचे म्हणणे असे की इब्री बोलणाऱ्यांच्या तुलनेत आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. आजच्या भाषेत सांगायचे तर वाटप चालू होते, पण यादीतून काही बाया सुटत होत्या.

प्रेषितांनी काय केले ते नीट पाहा. तक्रार खोटी आहे असे ते म्हणाले नाहीत. तक्रार करणाऱ्यांना कृतघ्न ठरवले नाही. त्यांनी सर्व मंडळीला बोलावले आणि सात माणसे निवडायला सांगितले. त्या सातांची नावे वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची माणसे सुटत होती त्यांच्यातल्याच लोकांच्या हाती वाटपाचे काम गेले, असे दिसते.

ही गोष्ट आपल्या भागाला थेट लागू पडते. आपल्या सातपुड्यात एकाच डोंगरात किती भाषा आहेत ते आठवा. कोरकू भाषा मुंडा कुळातली. भिलाला आणि बारेला यांची बोली भिली वळणाची. आणि जळगाव जामोद तालुक्यातल्या काही गावांत निहाल समाजाची निहाली भाषा बोलली जाते. जगातल्या कोणत्याही भाषाकुळाशी तिचे नाते अजून सिद्ध झालेले नाही आणि ती बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार लोक उरले आहेत, असे भाषातज्ज्ञ सांगतात. आपण मात्र वाटपाची सूचना मराठीत देतो, फार तर हिंदीत. ती आधी कोणाला कळते? ज्याचे तालुक्याला येणे-जाणे आहे त्याला. ज्याचे घर वस्तीच्या टोकाला आहे, जो दुसऱ्याच्या शेतावर सालदार आहे, त्याला ती सर्वांत शेवटी कळते. तोवर गाडी परतीच्या वाटेला लागलेली असते.

यरुशलेमेत विधवा सुटल्या त्या कोणाच्या दुष्टपणामुळे, असे शास्त्र म्हणत नाही. व्यवस्था एका भाषेत चालत होती आणि गरज दोन भाषांत होती. म्हणून पहिला धडा असा: वाटपाची यादी करायला त्या-त्या समाजातली, विशेषतः सर्वांत लहान समाजातली एक बाई बसलीच पाहिजे.

2. आपल्या आधी चाललेल्यांकडून

अन्नदान महाराष्ट्राला नवे नाही. आपल्याच जिल्ह्यात शेगावला रोज हजारो लोक महाप्रसाद घेतात. ख्रिस्ती सेवेच्या इतिहासातही भुकेल्यांना जेवू घालण्याची मोठी परंपरा आहे. त्यातल्या तीन-चार गोष्टी आपल्याला शिकवतात.

पंडिता रमाबाईंनी उपासमार स्वतः भोगली होती. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील अन्नावाचून खंगून गेले. पुढे 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. केडगावला त्यांनी जमीन घेतली, विहिरी खणल्या, शेती आणि उद्योग उभे केले. दुष्काळातून आलेल्या मुली तिथे शिकल्या, राबल्या आणि स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. 1899-1900 चा छप्पनचा दुष्काळ तर वऱ्हाडाने कधी विसरूच नये असा होता. 1891 पेक्षा 1901 च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या कमी भरली. त्या काळात अकोला-खामगावकडे अलायन्स मिशनने अनाथ मुलामुलींना आसरा दिला.

दुसरी गोष्ट 1972 च्या दुष्काळाची. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, तांबड्या मिलोच्या भाकरीची आणि सुकडीची चव त्यांना आजही आठवते. मिलो परदेशातून आला होता आणि सुकडी कामावर मिळत होती. पण त्या दुष्काळातून महाराष्ट्राने जी गोष्ट कायमची मिळवली ती म्हणजे रोजगार हमी. हाताला काम आणि कामाला दाम, असा हक्क 1977 च्या कायद्याने दिला. लोकांनी बंडिंग केले, पाझर तलाव खोदले, रस्ते केले. मिलो संपला, पण तलाव राहिले.

तिसरी गोष्ट मनमाडची. फादर व्हिन्सेंट फेरर हे स्पॅनिश जेझुइट 1950 आणि 60 च्या दशकांत तिथल्या कोरडवाहू शेतकऱ्यांना गहू आणि तेल देत. मात्र ते शेतकरी विहीर खणत असताना दिले जाई, खणण्याचे महिने पोटाला आधार म्हणून. पाणी लागले की पुढच्या वर्षी त्या घराला गव्हाची गरज राहत नसे.

चौथी गोष्ट जामखेडची. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य 1970 मध्ये जामखेडला आले. पाठोपाठ दुष्काळ पडला. मुलांसाठी गावोगाव सामुदायिक स्वयंपाकघरे चालली आणि ती चालवण्यात गावाचा हात होता. पुढे त्यांनी गावातल्याच, बऱ्याचशा निरक्षर आणि दलित स्त्रियांना आरोग्य सेविका म्हणून तयार केले. त्या मुलांची वजने करत, आयांना खाऊ घालण्याच्या वेळा सांगत, बाळंतपणे करत. 1979 मध्ये या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या चारही ठिकाणी अन्न दिले गेले. पण अन्नाबरोबर आणखी काही उभे राहिले: शिक्षण, काम, पाणी, गावातली शहाणी बाई. आपल्या पिशवीबरोबर वस्तीवर काय उभे राहते, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे.

3. पिशवीचे गणित

आता कागद-पेन्सिल घेऊन बसू. समजा एका पिशवीत 10 किलो गहू, 5 किलो तांदूळ, 1 किलो तूरडाळ आणि 1 लिटर तेल आहे. घरात सहा माणसे.

धान्य 15 किलो, म्हणजे माणशी अडीच किलो. रोज माणशी साडेतीनशे-चारशे ग्रॅम धान्य लागते असे धरले तर ही पिशवी सहा-सात दिवस पुरते. डाळ माणशी 165 ग्रॅमच्या आसपास आली. रोज 30 ग्रॅम शिजवली तर पाच-साडेपाच दिवस. वर्षाच्या 365 दिवसांतला हा एक आठवडा.

दुसरी बाजू पाहा. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा 2013 चा. त्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला दरमहा माणशी 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला दरमहा 35 किलो धान्य मिळते. 1 जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. सहा माणसांच्या प्राधान्य कुटुंबाला दरमहा 30 किलो. म्हणजे आपण वर्षातून एकदा जेवढे धान्य देतो त्याच्या दुप्पट त्या घराला दर महिन्याला हक्काने मिळायला हवे. एखाद्या घराचे नाव शिधापत्रिकेत नसेल, सून आणि दोन नातवंडांची नावे चढली नसतील, तर महिन्याला 15 किलो धान्य बुडते. आपल्या कार्यकर्त्याने तहसीलला दोन फेऱ्या मारून ती तीन नावे चढवून दिली, तर वर्षाला 180 किलो धान्य त्या घरात येते. आपल्या पिशवीतल्या धान्याच्या बारा पट.

हे गणित मी महिला मंडळात मांडले तेव्हा एक बाई म्हणाली, “ताई, मंग आपून थैल्या कामून भरतो? नावंच चढवू ना!” तिचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. नावे चढवायचीच. पण शिधापत्रिकेवर गहू-तांदूळ मिळतो. डाळ, शेंगदाणे, तेल, अंडे मिळत नाही. आपल्या देण्याला जागा आहे ती तिथे.

आणखी एक अडचण. डोंगरातल्या कितीतरी वस्त्यांवर गिरणी नाही. दहा किलो गहू दिला तर तो दळायला डोक्यावर घेऊन खाली उतरावे लागते, मजुरी बुडते, दळणाचे पैसे लागतात. मग तो गहू बाजाराच्या दिवशी विकला जातो. “हे लोक दिलेले विकतात” असे कोणी म्हणते तेव्हा मी विचारते, गिरणी किती कोसांवर आहे ते पाहिले का?

4. घरात कोण केव्हा जेवते

गेल्या पावसाळ्यानंतर एका वस्तीवर मी घरभेटीला गेले होते. दुपारची वेळ. घरात आजी आणि चौदा महिन्यांचा नातू. आई-बाप कापूस वेचायला खाली गेलेले, सकाळी अंधारात निघालेले, दिवेलागणीला परतणारे. कोपऱ्यात गव्हाचे अर्धे पोते होते, कणगीत थोडी ज्वारी होती. म्हणजे घरात धान्य नव्हते असे नाही. मी बाळाच्या दंडाला फीत लावली. पिवळ्या पट्ट्यात आली, साडेअकरा आणि साडेबारा सेंटिमीटरच्या मधे.

आजीला विचारले, सकाळपासून काय खाल्ले? चहा आणि बिस्कीट. मधे रडला तेव्हा पुन्हा बिस्कीट. भाकर सकाळी झालेली, ती मोठ्यांची. बाळाला चावत नाही. रात्री आई आली की अंगावर पाजते आणि वरणाचे पाणी देते. आजीने मला विचारले, “पोट तं भरते त्याचं. मंग वजन कामून नाई भरत?”

या आजीच्या प्रश्नात सगळा पोषणशास्त्राचा पाठ आहे. बाळाचे पोट त्याच्या मुठीएवढे. ते चहाने, बिस्किटाने आणि वरणाच्या पाण्याने लगेच भरते. पण त्यात बळ नसते. दोन वर्षांखालच्या बाळाला दिवसातून तीन-चार वेळा थोडे-थोडे, घट्ट आणि तेल-तूप घातलेले अन्न लागते. घरात पोते असले तरी दिवसभरात तीनदा चूल पेटवायला माणूस नाही, इंधन नाही, आणि कोणी सांगितलेलेही नाही.

तशीच गोष्ट बाळाच्या आईची. ती सर्वांत आधी उठते आणि सर्वांत शेवटी जेवते. कालवण उरले तर उरले. गरोदरपणात ती असेच जेवते, मग बाळ कमी वजनाचे जन्मते आणि फेरा पुढे सुरू राहतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, 2019-21 साली, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुले वयाच्या मानाने खुजी, 25.6 टक्के मुले उंचीच्या मानाने बारीक आढळली. स्त्रियांपैकी 54.2 टक्के रक्तक्षयी होत्या. हे आकडे अख्ख्या राज्याचे, शहरांसकट. डोंगरातल्या घरात बसून ते वाचले म्हणजे त्यांचा अर्थ कळतो.

5. लहान मुलाचे ताट

हा भाग महिला मंडळाने पाठ करावा असाच आहे.

जन्मल्यावर तासाभरात बाळाला छातीशी लावावे. पहिले पिवळसर चीक दूध टाकू नये. सहा महिने फक्त आईचे दूध. पाणी, मध, घुटी काही नाही. सहा महिने पूर्ण झाले की वरचे अन्न सुरू करावे आणि दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावे. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसातून दोन-तीन वेळा, नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा आणि मधे एक-दोनदा काहीतरी.

अन्न किती घट्ट असावे? चमचा कलला तर सहज ओघळून पडू नये इतके. ज्वारीच्या कण्या, मूगडाळीची खिचडी, भाकरी वरणात कुस्करून, त्यात चमचाभर तेल. चमचाभर तेलात सुमारे 45 कॅलरी असतात. शेंगदाण्याचे बारीक कूट घालावे, अख्खा दाणा लहान मुलाला देऊ नये, घशात अडकतो. अंडे मिळाले तर उत्तम. घरची कोंबडी असलेल्या घरात अंडे बाजारात जाण्याआधी एक बाळासाठी राहावे.

आपल्या आजी-पणजींना हे शास्त्र ठाऊक होते. कळण्याची भाकर आठवा. ज्वारीत उडीद मिसळून दळलेले ते पीठ. धान्यात जी प्रथिने अपुरी असतात ती कडधान्य भरून काढते आणि कडधान्यातली उणीव धान्य भरून काढते. तीन वाटे धान्य आणि एक वाटा डाळ हे प्रमाण आज आहारतज्ज्ञही सांगतात. डोंगरात कुटकी आणि सावा पिकत असे, पहिल्या पावसात तरोट्याची भाजी उगवते, परसात शेवगा आणि आंबाडी असते, तीळ-जवसाची चटणी असते. गेल्या काही दशकांत शेतात सोयाबीन आणि कापूस आला. दोन्ही पिके बाजारात जातात, चुलीवर येत नाहीत. पैसा आला की किराणा येतो, आणि किराण्यात आधी चहा, साखर, बिस्कीट येते.

आणखी दोन सूचना. जुलाब झाले तर खाणे-पिणे बंद करू नये. ओआरएस द्यावे आणि आरोग्य केंद्रातून झिंकच्या गोळ्या आणून चौदा दिवस पूर्ण द्याव्यात. वारंवार जुलाब होणाऱ्या मुलाला कितीही खाऊ घातले तरी अंगी लागत नाही, म्हणून पिण्याचे पाणी हा पोषणाचाच विषय आहे. दुसरी सूचना दात्यांसाठी: बाळाच्या दुधाच्या पावडरीचे डबे आणि दुधाच्या बाटल्या कृपया पाठवू नयेत. त्यांचे असे मोफत वाटप करायला 1992 च्या कायद्याने बंदी आहे आणि ती योग्य आहे. डबा संपतो, आईचे दूध तोवर आटलेले असते, आणि बाटली धुवायला स्वच्छ पाणी नसते.

6. हक्काचे अन्न

दया आणि हक्क यांत शास्त्र भांडण लावत नाही. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात शेतकऱ्याला आज्ञा आहे की शेताच्या कडेकोपऱ्यांची कापणी करू नये, पडलेला सरवा वेचू नये, तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी ठेवावा. रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचायला गेली ती भीक मागायला नव्हे. नियमशास्त्राने तो वाटा तिचाच होता. बवाजाने त्यावर आणखी मूठभर जास्त टाकायला सांगितले. हक्क आधी, दया त्याच्या वर.

तसे आपल्या वस्तीवर कोणते वाटे आधीच ठरलेले आहेत ते पाहू.

अंगणवाडीतून सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला 500 कॅलरींचा, तीव्र कुपोषित मुलाला 800 कॅलरींचा आणि गरोदर व स्तनदा मातेला 600 कॅलरींचा पूरक आहार मिळावा असे अन्न सुरक्षा कायदा सांगतो. तीन वर्षांखालच्यांना आणि मातांना तो घरी नेण्यासाठी मिळतो.

दंडाची फीत साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली, म्हणजे लाल पट्ट्यात आली, किंवा दोन्ही पायांवर सूज दिसली, तर ते मूल तीव्र कुपोषित. ते आजारी नसेल आणि खात असेल तर अंगणवाडीतल्या ग्राम बाल विकास केंद्रात, ताप-जुलाब असेल किंवा खातच नसेल तर रुग्णालयाच्या पोषण पुनर्वसन केंद्रात न्यावे. तिथे आईची मजुरी बुडते, तिची भरपाई देण्याची तरतूद आहे. कितीतरी आया केवळ हे माहीत नसल्याने दोन दिवसांत मूल घेऊन परत येतात.

कामासाठी बाहेर गेलेल्या कुटुंबाला शिधापत्रिकेवरचे धान्य जिथे गेले तिथल्या दुकानातूनही उचलता येते. दिवाळीनंतर वस्ती रिकामी होते, त्याआधी ही माहिती प्रत्येक घरात गेली पाहिजे.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डोंगरापलीकडचे धारणी आणि चिखलदरा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात, बुलढाणा जिल्हा येत नाही. कोरकू तेच, डोंगर तोच, नातीगोती तीच. पण अनुसूचित क्षेत्रासाठीच्या योजना जिल्ह्याची हद्द पाहून लागू होतात. राज्याने 2015 मध्ये आदिवासी भागातल्या गरोदर व स्तनदा मातांना रोज एक ताजे पूर्ण जेवण देणारी अमृत आहार योजना सुरू केली. ती आपल्या वस्तीच्या अंगणवाडीला लागू आहे का, हे पर्यवेक्षिकेला विचारून लेखी उत्तर घ्यावे. नसेल तर ती मागणी ग्रामसभेच्या ठरावात यावी.

आपण ज्या जिल्ह्यात राहतो तिथे सिंदखेड राजाला जिजाऊंचा जन्म झाला. 2005 मध्ये राज्याने कुपोषणाशी लढण्यासाठी मिशन काढले तेव्हा त्याला राजमाता जिजाऊंचेच नाव दिले. पहिल्या हजार दिवसांवर, म्हणजे गर्भधारणेपासून बाळ दोन वर्षांचे होईपर्यंतच्या काळावर त्या मिशनने भर दिला. जिजाऊंच्या जिल्ह्यातल्या लेकरांना त्याचे फळ मिळावे, ही अपेक्षा काही मोठी नाही.

7. मदतीची अट

हा विषय नाजूक आहे, पण टाळून चालणार नाही. मिशनची मदत म्हटली की लोक विचारतात, बदल्यात काय? कधी तो प्रश्न आकसाने येतो, कधी प्रामाणिक शंकेने. उत्तर एकच असावे आणि ते आपल्या वागण्यात दिसावे.

प्रभूने रानात पाच हजारांना जेवू घातले तेव्हा त्यांना गवतावर पंक्तीने बसवले. कोणाचा विश्वास किती, हे विचारले नाही. दुसऱ्या दिवशी तीच माणसे भाकरीसाठी त्याला शोधत आली, तेव्हा तो त्यांच्याशी मोकळेपणाने आणि कठोरपणानेही बोलला; आणि पुष्कळ जण त्याला सोडून गेले. जेवण आदल्या दिवशी झाले होते, निवड त्यांची त्यांनी केली. भाकर आणि निर्णय यांच्यात त्याने दोरी बांधली नाही.

म्हणून आपल्या कामात तीन गोष्टी पाळाव्यात. वाटपाच्या रांगेत प्रार्थनेची सक्ती नाही. यादीत धर्माचा रकाना नाही. आणि घेणाऱ्या बाईचा पिशवी हातात धरलेला फोटो तिच्या खुशीशिवाय नाही. लाल पट्ट्यातल्या मुलाचा फोटो तर कधीच नाही. दात्याला हिशेब द्यावा, तो आकड्यांत आणि पत्रात देता येतो.

8. या वर्षी काय बदलावे

माझी विनंती अशी आहे. नाताळची भेट बंद करू नये. सणाला गोडधोड सर्वांना हवे. पण मोठा खर्च आषाढ ते भाद्रपद या काळाकडे वळवावा. तेव्हा कणगी रिकामी असते, मजुरी तुटक मिळते, जुलाब वाढतात आणि नाल्यांना पूर आला की रस्ता बंद होतो.

त्या नव्वद दिवसांत वस्तीवरच्या आठ महिने ते दोन वर्षांच्या एका मुलाला रोज 30 ग्रॅम मूगडाळ, 20 ग्रॅम शेंगदाण्याचे कूट, 10 ग्रॅम तेल आणि दिवसाआड एक अंडे द्यायचे ठरवले तर एका मुलामागे लागते: डाळ 2 किलो 700 ग्रॅम, शेंगदाणे 1 किलो 800 ग्रॅम, तेल 900 ग्रॅम, अंडी 45. हे आपल्या आवाक्यातले आहे. धान्य घरचे किंवा शिधापत्रिकेचे. शिजवायचे वस्तीतच, एका घरी, दुपारी. त्याच आजीने आणि तिच्या शेजारणीने, आणि त्यांना त्याचा मोबदला द्यावा. दर पंधरा दिवसांनी अंगणवाडी सेविकेसोबत वजन आणि दंडाची फीत. अंगणवाडीचा आहार बंद करून हे नको, तिच्या जोडीला हवे.

मूल घरीच राहते, आई निर्धास्त कामाला जाते, आजीच्या प्रश्नाला तिच्या हातानेच उत्तर मिळते. पावसाळा संपला की आपण निघून येतो, पण घट्ट खिचडी कशी करावी हे वस्तीत राहते.

चर्चेसाठी प्रश्न

1. मागच्या वाटपात कोणती घरे सुटली? ती कोणत्या समाजाची, कोणत्या भाषेची होती? यादी कोणी केली होती?

2. आपल्या वस्तीवर शिधापत्रिकेत नाव नसलेली किती माणसे आहेत? त्यांची यादी करून दोन कार्यकर्त्यांनी जबाबदारी घ्यावी.

3. वस्तीपासून गिरणी, अंगणवाडी आणि आरोग्य उपकेंद्र किती लांब आहे? पावसाळ्यात किती वेळ लागतो?

4. आपल्या घरात सर्वांत शेवटी कोण जेवते? (हा प्रश्न पुरुषांनी आधी सोडवावा.)

5. रूथच्या गोष्टीत हक्काचा सरवा आणि बवाजाची जास्तीची मूठ, अशा दोन गोष्टी आहेत. आपले काम यांतले कोणते? दोन्ही असेल तर कोणते आधी?

6. दुपारच्या स्वयंपाकासाठी आपल्या वस्तीतली कोणती दोन घरे पुढे येतील?

प्रार्थनेसाठी विषय: कामासाठी बाहेर गेलेली कुटुंबे आणि त्यांची लेकरे, अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि आशाताई, वाटपाच्या यादीतून सुटलेली घरे, आणि येता पावसाळा.

प्रत्येक गटाने प्रश्न 2 ची यादी आणि प्रश्न 6 ची नावे पुढील तिमाही बैठकीला सोबत आणावीत. तिथूनच पुढचे काम ठरवू.